जांभूळ कुलाचा परागकण बघायला शिकताना: लवंगेपासून मधापर्यंत

कॉलेजात परागकण म्हणून आपल्याला पहिल्यांदा दाखवतात तो बहुधा जास्वंदीचा. शंभर मायक्रॉनच्या वर आकार (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अंगभर काटे, दहाच्या ऑब्जेक्टिव्हखालीसुद्धा, म्हणजे मायक्रोस्कोपच्या दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखालीही, डोळ्यांत भरणारा. तीच सवय घेऊन मी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जांभळाची स्लाइड लावली आणि तीन दिवस ती रिकामी समजून पुसत राहिले. ती रिकामी नव्हती. जांभळाचा कण साधारण १५ मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे जास्वंदीच्या कणाच्या रुंदीत असे सात-आठ सहज बसतील. दहाच्या ऑब्जेक्टिव्हखाली मला जी बारीक धूळ दिसत होती, तीच मला हवी होती.

नंतर दोन वर्षं याच कुलाचे कण बघत गेली. जांभूळ, पेरू, जाम, लवंग, नीलगिरी, बॉटलब्रश ही सगळी एकाच घरातली मंडळी, मिर्टेसी म्हणजे जांभूळ कुलातली. जगभरात या कुलात साडेपाच हजारांवर जाती आहेत. पुण्या-मुंबईच्या एखाद्या बागेतही पेरू अमेरिकेतला, नीलगिरी नि बॉटलब्रश ऑस्ट्रेलियातले, जांभूळ आपलं आणि मसाल्याच्या डब्यातली लवंग मूळची इंडोनेशियातल्या मालुकू बेटांवरची, असं जग गोळा झालेलं असतं. इतक्या लांबलांबच्या झाडांचे परागकण पाहावेत तर एका साच्यातून काढल्यासारखे. तो साचा एकदा डोळ्यांत बसला की पुढचं काम सोपं होतं. तो बसेपर्यंत मात्र फार गोंधळ होतो, आणि तेवढ्यासाठीच हा लेख.

१. आधी कणकेचा परागकण करा

मायक्रोस्कोपला हात लावण्याआधी हे करा. मी हे फार उशिरा केलं.

पोळ्यांच्या कणकेतला लिंबाएवढा गोळा घ्या आणि तळहातानं दाबून जाड पुरीसारखा चपटा करा. कडेला सारख्या अंतरावर तीन ठिकाणी चिमटीनं ओढून तीन बोथट कोपरे काढा. आता सुरीच्या टोकानं एका कोपऱ्यापासून मध्यापर्यंत रेघ ओढा. बाकीच्या दोन कोपऱ्यांपासूनही तशीच ओढा. तिन्ही रेघा मध्ये मिळतील. गोळा उलटा करून मागच्या बाजूलाही हेच करा, पुढची रेघ कोपऱ्यावरून वळून मागच्या रेघेला मिळेल अशा बेतानं. शेवटी प्रत्येक कोपऱ्याच्या टोकाला, रेघेवरच, काडीनं एकेक भोक पाडा.

हा झाला जांभूळ कुलाचा नमुनेदार परागकण. चपट्या बाजूंचे दोन मध्य म्हणजे त्याचे ध्रुव. कडेचा घेर म्हणजे विषुववृत्त. रेघ म्हणजे खाच, तिला कोल्पस म्हणतात. भोक म्हणजे रंध्र. खाच आणि तिच्यात रंध्र अशी तीन छिद्रं असतील तर कण त्रिकोल्पोरेट. खाचा ध्रुवापाशी एकमेकींना मिळत असतील तर सिनकोल्पेट. आणि मिळण्याच्या जरा आधी प्रत्येक खाच दोन फाट्यांत फुटून मध्ये एक चिमुकलं त्रिकोणी बेट ठेवत असेल तर पॅरासिनकोल्पेट. कणकेवर ते बेटही कोरून बघा. या तीन शब्दांवर पुढचं सगळं वर्णन उभं राहतं.

खाचा आणि रंध्रं शोभेची नाहीत. कण वाळला की खाचांच्या ठिकाणी भिंत आत मुडपते, ओल मिळाली की परत फुलते, आणि कुक्षीवर पडल्यावर परागनलिका रंध्रातून बाहेर येते. म्हणून कण ओला आहे की सुका, यावर त्याचा आकार बदलतो. हे मोजमापाच्या वेळी फार महत्त्वाचं ठरतं.

आता तो गोळा डोळ्यासमोर धरून सावकाश फिरवा. वरून बघितलात तर त्रिकोण आणि मध्ये मिळणाऱ्या तीन रेघा. कडेवर उभा धरून बघितलात तर चपटी लंबगोल आकृती, आणि एक कोपरा तुमच्याकडे असेल तर मधोमध रंध्र. तिरका धरलात तर भलतंच काहीतरी. एकाच गोळ्याची ही तीन रूपं आहेत. मी माझ्या वहीत ती तीन वेगळे परागकण म्हणून काढली होती.

२. सामान आणि कागदपत्रं

यादी लांब वाटेल, पण बहुतेक गोष्टी कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतात.

- ४० चं आणि १०० चं तेलातलं ऑब्जेक्टिव्ह असलेला मायक्रोस्कोप
- आयपीस मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात बसणारी पट्टी. आणि स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे खरं माप कोरलेली स्लाइड, जो एकदाच लागतो, त्यामुळे विकत न घेता मागून आणा
- स्लाइड, पातळ कव्हरस्लिपा (स्लाइडवर झाकायच्या काचा), दोन सुया, टोकदार चिमटा, कापूस
- अल्कोहोल, ग्लिसरीन, जिलेटिन, बेसिक फ्युक्सिन हा गुलाबी रंग
- स्पिरिटचा दिवा किंवा हॉट प्लेट, पारदर्शक नेलपॉलिश
- कळ्या ठेवायला कागदी पुड्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कळी घामेजते, रात्रीत बुरशी येते आणि तिचे बीजाणू परागकणांत मिसळतात.

कागदपत्रांत सगळ्यात आधी परवानगी. राखीव वन किंवा अभयारण्यातून एक डहाळी तोडायची असेल तरी वनविभागाची लेखी परवानगी आणि कॉलेजचं पत्र लागतं. अर्ज हंगामाच्या बराच आधी करा, कारण परवानगीची वाट बघत फुलोरा थांबत नाही. खासगी बागेत मालकाला विचारलं तरी पुरतं, पण विचारा.

दुसरा कागद म्हणजे ज्या झाडाची कळी घेतली त्याचा वाळवलेला नमुना. पान-फुलांसकट डहाळी दाबून वाळवा, कागदावर चिकटवा, ठिकाण, तारीख, स्थानिक नाव लिहा आणि जाणकाराकडून ओळख पक्की करून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राचा वनस्पतिसंग्रह आहे. ताडून बघायला असा संग्रह फार उपयोगी पडतो. हा नमुना नसेल तर स्लाइड कितीही सुंदर असली तरी ती कशाची आहे हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही.

३. सरावाला लवंग घ्या

फुलोऱ्याची वाट बघत बसू नका. लवंग म्हणजे न उमललेली, वाळवलेली कळी. तिच्या चार दातांमध्ये जो गोल मणी असतो तो म्हणजे एकमेकींवर मिटलेल्या चार पाकळ्या. बाजारातून आणलेल्या लवंगांतून मणी शाबूत असलेल्या पाच-सहा निवडा. मणी गळलेल्या लवंगेत तुमच्या कामाचं फारसं काही उरलेलं नसतं.

लवंग कोमट पाण्यात तासभर ठेवा. मऊ झाली की चिमट्यानं मणी उचला. तो टोपीसारखा निघून येतो आणि खाली, आत वळून गुंडाळून बसलेले पुंकेसर दिसतात, दाटीवाटीनं, मध्ये एकच काटकुळी कुक्षीवृंत. भिंगातून हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत तिथून हलले नाही. आयुष्यभर फोडणीत पडलेली ही वस्तू, आणि तिच्या आत एक अख्खं फूल दुमडून ठेवलेलं.

त्यातले चार-पाच परागकोश काढून अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवा. लवंगेत तेल भरपूर असतं. ते आधी काढलं नाही तर स्लाइडभर तेलाचे थेंब तरंगतात आणि नवख्या डोळ्याला तेच परागकण वाटतात. मग कोश स्लाइडवर ग्लिसरीनच्या थेंबात सुयांनी फोडा, कव्हरस्लिप ठेवा आणि ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली बघा. बोथट कोपऱ्यांचे, १५ ते २० मायक्रॉनचे त्रिकोण दिसायला हवेत. लवंगेची पूड शुद्ध आहे का हे तपासणारे औषधिविज्ञानाचे लोकही याच त्रिकोणी कणांवर नजर ठेवतात.

दिसले नाहीत तर घाबरू नका, दुसरी लवंग घ्या. प्रत्येक कळी सारख्या वयाची नसते.

४. फूल नको, कळी आणा

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे.

माझ्या पहिल्या हंगामात मी उमललेली जांभळाची फुलं आणली. मार्चचे दिवस, झाड फुलानं लदलेलं, मधमाश्यांचा घोंघाट दुरून ऐकू येत होता. स्लाइडवर त्रिकोणी कणांबरोबर मला काही गोल, गुळगुळीत, एकच रंध्र असलेले कण दिसले. मी ते जांभळाच्या परागकणांचा ‘दुसरा प्रकार’ म्हणून टिपून ठेवले, त्यांचं मोजमाप घेतलं, चित्रंही काढली. माझ्या मार्गदर्शकांनी वही बघून एवढंच विचारलं, ‘झाडाच्या आसपास गवत होतं का?’ गोल, गुळगुळीत, एकरंध्री कण ही गवताची खूण. वाऱ्यानं येऊन फुलावर बसलेले. चार स्लाइड टाकून दिल्या आणि कळ्यांसाठी परत गेले.

उमललेल्या फुलावर वारा, माश्या, मुंग्या सगळ्यांनी आणलेले परके कण असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी संध्याकाळी घ्या. परागकोश तिच्यात भरलेले असतात आणि अजून बंद असतात.

ती कळी ओळखायची कशी, हे झाडागणिक वेगळं. जांभळाचे तुरे बहुतेक पानांच्या मागे, जुन्या फांद्यांवर येतात. कळीच्या पाकळ्या एकत्र चिकटून टोपीसारख्या गळून पडतात. ती टोपी फुगून फिकी झाली की वेळ झाली समजा. पेरूची कळी हिरव्या निदलपुंजानं पूर्ण बंद असते आणि उमलताना तो वेडावाकडा फाटतो. पहिली चीर पडून आतलं पांढरं डोकावलं की तोडा. नीलगिरीच्या कळीला तर खरीखुरी टोपी असते. ती बोटानं हलकेच दाबल्यावर निघाली तर कळी तयार, ओढावी लागली तर कच्ची. बॉटलब्रशच्या तुऱ्यात खालून वर कळ्या उमलत जातात, तेव्हा उमललेल्या भागाच्या लगतच्या वरच्या कळ्या घ्या.

हंगामाचं म्हणाल तर जांभूळ फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. पेरूला आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहार, त्यामुळे वर्षातून तीनदा संधी. बॉटलब्रश अधूनमधून फुलतच असतो.

५. स्लाइड

ग्लिसरीन जेली घरी बनवता येते. १० ग्रॅम जिलेटिन ३५ मिलिलिटर शुद्ध पाण्यात दोन तास भिजवा, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवा, त्यात ३० मिलिलिटर ग्लिसरीन घाला. बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचा एक खडा. जुन्या कृतींत फिनॉल असतं, पण ते कातडी भाजतं, म्हणून प्रयोगशाळेबाहेर वापरू नका. ढवळताना हवा शिरू देऊ नका. शेवटी अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या बेसिक फ्युक्सिनचे दोन-चार थेंब, रंग फिकट गुलाबी राहील इतकेच. मी पहिल्यांदा डाळिंबी रंगाची जेली केली आणि कणांवरच्या खाचा रंगातच बुडाल्या.

स्लाइड करायची सोपी रीत वोडहाऊस या अमेरिकी अभ्यासकाच्या नावानं ओळखली जाते. स्वच्छ स्लाइडच्या मधोमध परागकोश ठेवा, फोडा, वर अल्कोहोलचा एक थेंब सोडा. थेंब पसरून सुकत जातो तसं कणांवरचं तेल बाहेरच्या कडेला वर्तुळ करून साचतं आणि कण मध्ये राहतात. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसानं ते तेलाचं कडं पुसून घ्या. दोन-तीनदा करा. या कुलात हे टाळू नका, कारण कणांवर तेल असतंच, शिवाय पुष्कळ जातींत परागकोशाच्या टोकाला तेलाची ग्रंथी असते. कोशाचे तुकडे सुईनं उचलून टाका. मग ज्वारीच्या दाण्याएवढा जेलीचा तुकडा मध्ये ठेवा, स्लाइड दिव्यावर जराशी शेकवा, जेली वितळली की कव्हरस्लिप एका कडेनं टेकवत खाली सोडा.

ज्वारीच्या दाण्याएवढाच. जेली जास्त झाली की थर जाड होतो, १०० चं ऑब्जेक्टिव्ह कणापर्यंत पोचण्याआधी काचेवर टेकतं आणि कव्हरस्लिप तडकते. जेलीला उकळीही येऊ देऊ नका, नाहीतर बुडबुडे अडकतात. बुडबुडा गोल असतो, त्याची कड काळीकुट्ट जाड दिसते आणि फोकस बदलला की तो भिंगासारखा चमकतो. परागकण असा चमकत नाही. स्टार्चच्या कणांची शंका आली तर वेगळ्या स्लाइडवर आयोडीन घाला, स्टार्च निळा-काळा होतो.

पुस्तकांत तुम्ही असिटोलिसिस हा शब्द वाचाल. स्वीडनचे गुन्नार एर्टमान यांनी रूढ केलेली ही पद्धत. त्यात असेटिक अनहायड्राइड ९ भाग आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल १ भाग अशा मिश्रणात कण तापवतात. आतला जीवरस आणि आतली भिंत जळून जाते, बाहेरचं कवच तेवढं उरतं आणि खाचा-रंध्रं अगदी स्वच्छ दिसतात. प्रसिद्ध होणाऱ्या वर्णनांसाठी ती लागते. पण नवख्यानं ती एकट्यानं करायची नाही, हे मी अगदी निक्षून सांगते. या मिश्रणाला पाण्याचा थेंब लागला तरी ते उसळतं, म्हणून कण आधी ग्लेशियल असेटिक आम्लानं धुऊन निर्जल करावे लागतात, आणि हे सगळं धूरपेटीत (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या पेटीत), हातमोजे-चष्मा घालून, अनुभवी माणूस शेजारी असताना. शिवाय असेटिक अनहायड्राइड अमली पदार्थविरोधी कायद्याखाली नियंत्रित रसायन आहे. दुकानात जाऊन मागण्याची वस्तू नाही, संस्थेच्या नोंदणीकृत साठ्यातूनच मिळतं. सुरुवातीच्या ओळखीला फ्युक्सिनची जेली पुरेशी आहे.

६. कण लोळवून बघा

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

चपटा कण काचेवर नेहमी पाठीवर पडतो, जसं नाणं पडतं. म्हणून स्लाइडवर तुम्हाला शंभरातले बहुतेक कण त्रिकोणीच दिसतील, आणि कडेनं ते कसे आहेत हे कळणारच नाही. जेलीत ते जागच्या जागी थिजलेले असतात. तेव्हा प्रत्येक जातीची एक तात्पुरती स्लाइड नुसत्या ग्लिसरीनमध्ये करा. एक कण नजरेत धरा, सुईच्या टोकानं कव्हरस्लिपच्या कडेला अगदी अलगद टोचा आणि डोळा आयपीसवरून हलवू नका.

द्रव सरकतो आणि त्याबरोबर कण कलतो. आधी त्रिकोण, मध्ये इंग्रजी वाय (Y) अक्षराच्या आकाराची फिकी रेघ. मग एक कोपरा वर उचलला जातो, त्रिकोण आखूड होतो. आणखी कलला की कोपरा बरोबर तुमच्यासमोर येतो, आकृती लंबगोल झालेली असते आणि मधोमध रंध्र दिसतं, त्याच्या वरखाली जाणारी खाच. पुढच्या टोचणीला तो परत पालथा पडतो आणि दुसऱ्या ध्रुवावरची वाय दिसते. कणकेचा गोळा आठवा. त्या दुपारी मी एकच पेरूचा कण अर्धा तास फिरवत बसले होते, आणि वहीतल्या तीन आकृत्यांवर काट मारून एक केली.

लोळवताना प्रत्येक जातीसाठी या गोष्टी टिपा: रंध्रं कोपऱ्यांवर आहेत की बाजूंच्या मध्यावर, बाजू सरळ, फुगीर की आत दबलेल्या, खाचा ध्रुवापर्यंत पोचतात की अलीकडेच संपतात, पोचत असतील तर मध्ये बेट आहे का. जांभूळ कुलात रंध्रं कोपऱ्यांवरच असतात. बेटाच्या बाबतीत मात्र एका कणावर जाऊ नका. एकाच परागकोशात काही कणांना बेट असतं, काहींना नसतं. अधूनमधून चार रंध्रांचा चौकोनी कणही सापडतो. तो बघून मला मोठा शोध लागल्यासारखं झालं होतं, पण या कुलात तो अधूनमधून भेटतोच. असे किती दिसले ते आकड्यात लिहा, एवढंच.

बाह्यकवचावरची नक्षी बघायला १०० चं ऑब्जेक्टिव्ह लावून फोकस सावकाश वरखाली करा. उंचवटा वरच्या फोकसला उजळ दिसतो आणि खाली गेल्यावर काळवंडतो, खड्ड्याचं याच्या उलट. या कुलातल्या कणांचं कवच बहुधा गुळगुळीत किंवा फार बारीक दाणेदार असतं, साध्या मायक्रोस्कोपच्या आवाक्याच्या काठावरचं. दिसलं नाही तर ‘गुळगुळीत दिसतं’ असं लिहा. बारीक सुरकुत्या आहेत की दाणे, हे सांगायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ बॉटनीत अँड्रू थॉर्नहिल आणि सहकाऱ्यांची या कुलावरची लेखमालिका आली, तिच्यात असे फोटो पुष्कळ आहेत. व्हिएन्नाचा पालडॅट हा परागकणांचा खुला संग्रहही आपला कण ताडून बघायला चांगला.

७. मोजमाप

आयपीसमधल्या पट्टीच्या रेघांना स्वतःचं माप नसतं. ते प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी स्टेज मायक्रोमीटरवरून काढायचं. त्यावर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. समजा ४० च्या ऑब्जेक्टिव्हला आयपीसच्या ४० रेघा स्टेजच्या १० भागांवर तंतोतंत बसल्या, तर एक रेघ २.५ मायक्रॉन. मायक्रोस्कोप बदलला की हे गणित पुन्हा करा. शेजारच्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपचा आकडा उसना घेऊ नका.

आता अडचण बघा. १५ मायक्रॉनचा जांभळाचा कण म्हणजे इथे फक्त ६ रेघा. एक रेघ चुकली तर माप सहाव्या हिश्श्यानं चुकलं. जास्वंदीला हे चालून जातं, जांभळाला नाही. म्हणून या कुलाची मापं १०० च्या ऑब्जेक्टिव्हवरच घ्या.

निदान २५ कण मोजा. त्रिकोणी दिसणाऱ्या कणांवरून विषुववृत्तीय रुंदी, कडेवर उभ्या कणांवरून ध्रुवीय उंची. उंचीला रुंदीनं भागा. उंची ८ आणि रुंदी १५ आली तर भागाकार ०.५३. एर्टमान यांच्या वर्गवारीत ०.५० ते ०.७५ म्हणजे चपटा, ऑब्लेट. तिरक्या पडलेल्या कणांची मापं घेऊ नका, ती दोन्हीकडे खोटी पडतात. आणि कण कशात ठेवला होता ते आकड्याशेजारीच लिहा. पाण्यात तो फुगून गोल होतो, अल्कोहोलमध्ये आकसतो, ग्लिसरीन जेलीत महिन्यांगणिक सावकाश मोठा होतो. दोन वेगळ्या माध्यमांतली मापं शेजारी मांडून ‘नीलगिरीचा कण जांभळापेक्षा मोठा’ म्हणणं बरोबर नाही, जरी नीलगिरीचे कण बहुधा मोठेच, २० मायक्रॉनच्या पुढचे असले तरी.

८. नाव देण्याआधी

चपटा, त्रिकोणी, कोपऱ्यांवर रंध्रं, खाचा ध्रुवाकडे जाणाऱ्या, आकार लहान, कवच जवळजवळ गुळगुळीत. एवढं जुळलं की कुल बऱ्याच खात्रीनं सांगता येतं. तरी दोन-तीन शेजाऱ्यांपासून सावध राहा.

रस्त्याकडेला लावलेल्या सिल्व्हर ओकचा कणही त्रिकोणी असतो आणि रंध्रं कोपऱ्यांवरच. पण तो बराच मोठा असतो आणि त्याला खाचा नसतात, नुसती रंध्रं. आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाच्या कणाच्या बाजू आत दबलेल्या असतात, त्यामुळे तो तीन पाकळ्यांसारखा दिसतो. हिरडा आणि अंजनी ही जांभळाच्या नात्यातलीच, एकाच गणातली. त्यांचे कणही लहान, पण नीट मोजलंत तर कडेला सहा खाचा भरतात, तीन रंध्र असलेल्या आणि तीन नुसत्या.

कुलाच्या पुढे जाताना हात आखडता घ्या. नीलगिरी आणि जांभूळ आकारावरून, भिंतीच्या जाडीवरून वेगळे काढता येतात. पण जांभळाच्याच प्रजातीतल्या दोन जाती साध्या मायक्रोस्कोपखाली वेगळ्या करता येतील असं मला वाटत नाही, आणि कुणी तसं ठामपणे लिहिलं असेल तर त्यांच्या स्लाइड बघितल्याशिवाय मी मानणार नाही. अशा वेळी जांभळाच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव घेऊन ‘सायझिजियम प्रकार’ असं लिहावं. न्यूझीलंडच्या मानुका मधाचंच बघा. मानुका आणि कानुका ही दोन्ही झाडं याच कुलातली, आणि त्यांचे परागकण दिसायला इतके सारखे की मध खरा कुठला हे मायक्रोस्कोपवर ठरवता येत नाही. म्हणून तिथल्या सरकारनं मानुका मधाची व्याख्या करताना चार रासायनिक खुणा आणि मानुकाच्या परागातल्या डीएनएची एक खूण ठरवली. जीवाश्मांतही हीच मर्यादा येते. तिथे सापडणाऱ्या अशा कणांना मिर्टॅसिडायटिस असं वेगळंच नाव देतात, म्हणजे कुलाकडे बोट दाखवायचं आणि तिथे थांबायचं.

९. हात बसल्यावर मध घ्या

महाबळेश्वरच्या डोंगरातला जांभूळ मध प्रसिद्ध आहे. तिथल्याच मांघरला २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. त्या भागातला, जमल्यास थेट मधपाळाकडून घेतलेला मध तुमच्या तयारीची चांगली परीक्षा घेतो, कारण आसपास हिरडा आणि अंजनीही असतात.

१० ग्रॅम मध २० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा. पाणी ४० अंशांच्या वर नको. सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे वेगानं फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्रात, दहा मिनिटं फिरवा, वरचं पाणी ओता, पुन्हा पाणी घालून फिरवा. तळाशी उरलेला गाळ जेलीत घ्या. मग एका टोकापासून रांगेनं जात प्रत्येक कण मोजा, आवडणारे तेवढे नाही. एका झाडाचे कण ४५ टक्क्यांवर गेले तर मध मुख्यतः त्या झाडाचा, असा सर्वसाधारण नियम आहे. तो जांभूळ कुलाला जसाच्या तसा लावू नका. कण लहान आणि फुलात पुंकेसर भरमसाट, त्यामुळे मधात ते मकरंदाच्या मानानं जास्तच उतरतात. नीलगिरीच्या मधासाठी तर याच कारणानं ४५ पेक्षा बरीच वरची टक्केवारी धरतात.

१०. लेबल लगेच

स्लाइड गार झाली की कव्हरस्लिपच्या कडांना नेलपॉलिश लावा आणि त्याच बैठकीत लेबल लिहा: झाडाचं शास्त्रीय आणि स्थानिक नाव, वाळवलेल्या नमुन्याचा क्रमांक, ठिकाण, कळी तोडल्याची तारीख, स्लाइड केल्याची तारीख, माध्यम आणि रंग. ‘उद्या लिहू’ म्हणून ठेवलेल्या माझ्या अकरा स्लाइड आजही बिननावाच्या आहेत. सगळ्यांवर त्रिकोणच आहेत, त्यामुळे कुठली कशाची ते आता सांगता येत नाही. पेटीत स्लाइड आडव्या ठेवा. उभ्या ठेवल्या तर उन्हाळ्यात जेली सैल होऊन कण एका कडेला घसरतात. शक्य असेल तर महिनाभरात मापं घेऊन टाका, जेलीनं कण फुगवायच्या आत.

जांभळाला अजून अवकाश असेल तर आज संध्याकाळी लवंग भिजत घाला.